किती हिरवं म्हणजे हिरवं

पहिल्यांदा दादाच्या गळ्यात ढग दिसला तेव्हा धाकटीला वाटलं, टायची गाठ हिरवी असेल.

असं पूर्वीही झालं होतं. एकदा महागाईवर बोलायला आलेले एक तज्ज्ञ हिरवागार शर्ट घालून आले. त्या दिवशी पडद्यावर एक डोकं आणि दोन हात महागाईची कारणं समजावून सांगत होते. धडाचा पत्ता नव्हता, पण मुद्दे बिनतोड होते. प्रेक्षकांपैकी कुणी तक्रार केली नाही. महागाईत असं होतंच, असं लोकांना वाटलं असावं.

हवामान सांगणारा माणूस नकाशापुढे उभा नसतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तो एका कोऱ्या हिरव्या भिंतीपुढे उभा राहून हवेत हात फिरवत असतो. नकाशा आणायचं काम धाकटीचं. ती जिन्यावरच्या खोलीत, स्विचर नावाच्या, बटणांनी खच्चून भरलेल्या टेबलासमोर बसायची आणि यंत्राला सांगायची, चित्रात जिथं जिथं हिरवं दिसेल तिथं नकाशा घाल. याला क्रोमा म्हणतात. यंत्र मुकाट्यानं ऐकतं. यंत्राला अक्कल नसते, नुसता आज्ञाधारकपणा असतो. अशी माणसं प्रत्येक घराण्यात एकदोन असतातच. त्याला भिंत कळत नाही, माणूस कळत नाही, हिरवं तेवढं कळतं. म्हणून स्विचरवर एक नॉब असतो. त्याचं काम एकच, किती हिरवं म्हणजे हिरवं हे ठरवणं. सैल सोडला तर माणूस जातो, फार आवळला तर भिंत राहते. या दोन आपत्तींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत धाकटीचं पोट भरत होतं.

तर दादाच्या गळ्यात ढग. तिनं नीट बघितलं. टाय मरून रंगाचा होता. ढग टायच्या वर, गळ्याच्या घाटीपाशी होता आणि दादा बोलेल तसा खालीवर होत होता.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. ती शाळेत होती तेव्हापासून तो टीव्हीवर हवामान सांगत होता. पुढं ती त्याच चॅनलमध्ये लागली, तिच्या तोंडून ऐकून सगळेच त्याला दादा म्हणू लागले. बुलेटिन काढणाऱ्या मॅडम त्याच्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या होत्या, त्याही दादाच म्हणायच्या. मॅडमना चूक दाखवायची तिथं पद्धत नव्हती.

धाकटीनं नॉब जरासा आवळला. ढग गेला, गळा आला. विषय संपला.

पण विषय संपला नव्हता. पुढच्या आठवड्यात जबड्याखाली वाऱ्याचे बाण दिसायला लागले. मग उजव्या कानात एक अख्खं गाव आलं. तिथल्या एका माणसानं फोन करून विचारलं, आमचं गाव दादांच्या कानात दाखवलंय, तर वादळाचा इशारा आम्हाला लागू आहे की नाही? धाकटी दर वेळी नॉब आणखी आवळायची आणि दर वेळी तो थोड्या दिवसांनी कमी पडायचा. दिवे जुने झाले असतील. भिंतीचा रंग उडाला असेल. कॅमेऱ्याचं काही असेल. जगात कारणांना तोटा नाही, फक्त एका कारणाकडे बघायचं नसलं की बाकीची कशी रांगेत उभी राहतात.

एकदा मेकअपवाल्या काकांनी तिला जिन्यात गाठलं.

“पोरी, तुझ्या भावाच्या तोंडाला मी हल्ली जेवढा लेप लावतो ना, तेवढ्यात दोन खोल्यांचं रंगकाम झालं असतं.”

“मग दुसरी शेड लावा की काका.”

“शेडी संपल्या. आता राहिल्यात त्या नाटकात मेलेल्याला लावायच्या.”

धाकटी जिन्याची पुढची पायरी चढली.

“गंमत केली गं,” काका म्हणाले, पण स्वतःच हसले नाहीत. “विचार तरी त्याला.”

“तुम्हीच विचारा. रोज त्याच्या तोंडावरनं हात तुम्ही फिरवता.”

“म्हणून तर विचारत नाही. तोंडाला हात लावू देणारा माणूस डोळे मिटून बसलेला असतो. त्याला असलं काही विचारत नाहीत.”

चेहऱ्याला लेप लावता येतो. डोळ्यांच्या पांढऱ्याला काय लावणार? ते पांढरं आता पांढरं राहिलं नव्हतं. पिकू लागलेल्या लिंबाला जो रंग असतो, त्या रंगाला आलं होतं, आणि भिंतीची हिरवी झाक वरून पडली की यंत्र बिचारं फसायचं. एका संध्याकाळी दादा कॅमेऱ्यात बघून “नमस्कार” म्हणाला आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत समुद्र हलत होता. खरा समुद्र, म्हणजे नकाशातला, लाटांच्या खुणांसकट.

चॅनलला त्या दिवशी फोनच फोन आले. एका आजीबाईंनी सांगितलं की माणसाच्या डोळ्यांत इतकं पाणी त्यांनी आपल्या लग्नानंतर बघितलं नव्हतं. मॅडम खूश. म्हणाल्या, “दादा, लेन्स लावल्यात का? अशाच ठेवा.”

धाकटीनं मात्र त्या दिवशी नॉब सोडून दिला आणि थेट कॅमेऱ्याच्या रंगात हात घातला. यंत्राकडे चित्र येण्याआधीच त्यातलं पिवळं काढायचं, वर थोडं लाल घालायचं, आणि मग त्याला म्हणायचं, आता शोध हिरवं. जमलं. पडद्यावर दादा एकदम टुणटुणीत झाला. गालावर लाली, डोळे पांढरेशुभ्र. गेल्या दहा वर्षांत इतका चांगला तो कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कॉफीच्या मशीनपाशी पकडलं. इमारतीच्या आत असूनही त्यानं काळा चष्मा लावला होता.

“डोळे आलेत,” तो म्हणाला.

“दोन्ही?”

“जोडीनं आलेत. संसारी डोळे आहेत, एकटे कुठं जात नाहीत.”

“दादा, तुझ्यासाठी मी नॉब कुठपर्यंत आणलाय माहितीय तुला?”

“मला काय करायचंय तुझ्या नॉबचं?”

“यापुढं जागा नाही त्याला. एवढा आवळून पण तू गळतोयस.”

दादानं मशीनचं बटण दाबलं. कप आला, कॉफी आली नाही. तो रिकामा कप त्यानं परत मशीनखाली ठेवला.

“पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, लवकर केलं तर कापून काढता येईल.”

“लवकर म्हणजे कधी?”

“तेही सांगितलं त्यांनी. तेव्हाच.”

“तेव्हाच म्हणजे?”

“म्हणजे ते बोलले तेव्हा. बसल्या बसल्या तारीख देत होते.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, बघू.”

मग त्यानं कारणं सांगितली. चॅनलनं हवामान सांगायला संगणकातली एक बाहुली तयार करून ठेवली होती. ती आजारी पडत नव्हती, चहा मागत नव्हती, कॅमेऱ्यापुढं शिंकत नव्हती. दादा महिनाभर घरी बसला की ती उभी राहणार, आणि ती एकदा उभी राहिली की दादाला परत कोण उभं करतंय? शिवाय समुद्रावर कमी दाबाचा पट्टा होता. एवढा पट्टा जाऊ दे, मग जातो.

धाकटी ऐकत होती. ती त्याला जन्मापासून ओळखत होती. शाळेत असताना निकालाच्या दिवशी तो पोट दुखतंय म्हणून झोपून राहायचा आणि त्याचा निकाल बघायला धाकट्या बहिणीला पाठवायचा. रोज घराघरांत उद्याचं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या उद्याचं नाव काढलं की घाम फुटायचा. बाहुली आणि पट्टा हे नुसते सांगायला होते.

“वहिनीला सांग तरी.”

“तिला कळता कामा नये. तुला माझी शप्पथ.”

“शप्पथ कसली घालतोस? आधीच तुझी तब्येत बरी नाही.”

तो हसला. तीही हसली. आणि इथंच गाडं घसरलं, कारण दोघं भावंडं हसली की त्यांच्या घरात विषय मिटला असं धरून चालायची जुनी रीत होती.

पट्टा गेला. दुसरा आला. पट्ट्यांचं काय, हवामान खातं त्यांच्यावरच चालतं.

सुट्टीच्या दिवशी धाकटी दादाच्या घरी गेली तर घरात सगळे दिवे पिवळे. बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, न्हाणीघरातसुद्धा. कावीळ झालेल्याला सारं जग पिवळं दिसतं म्हणतात. दादानं उलटी सोय केली होती. सारं जगच पिवळं करून टाकलं होतं, म्हणजे कावीळ दिसायला नको. त्या उजेडात वहिनी पिवळी होती, पंखा पिवळा होता, दुधाचं भांडं आणि आतलं दूध पिवळं होतं. दादा त्यात बेमालूम मिसळून गेला होता.

“डोळ्यांना बरे असतात म्हणे हे दिवे,” वहिनी म्हणाली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांच्या शेजारी बसून काढल्यामुळं तिला शांत राहायची सवय होती. “खर्च करून बसवलेत. मी म्हटलं, बसव बाबा.”

दादा आत आडवा पडला होता. वहिनीनं आवाज उतरवला.

“खरं सांगू? हा घरी येतो ना, तेव्हा पार माती झालेला असतो. जेवत नाही, रात्रभर अंग खाजवतो. मी म्हटलं, चल डॉक्टरकडे, तर म्हणतो मेकअपची ॲलर्जी आहे. मला तर बाई नको नको ते येतं मनात. मग संध्याकाळी शिकवणी असली तरी गाडी बाजूला घेते आणि फोनवर तुमचं बुलेटिन लावते. त्याला बघितला की जीव भांड्यात पडतो. हे बघ.”

तिनं फोन पुढं केला. आदल्या दिवशीच्या बुलेटिनवर चित्र थांबवलेलं होतं. दादा गुलाबी, ताठ, डोळे पांढरे, मागं समुद्र.

“गाल बघ जरा. आजारी माणसाचे असतात असे गाल? घरातच काहीतरी बसतं डोळ्यांवर. कॅमेऱ्याला तर सगळं दिसतं ना?”

धाकटीनं ते गाल बघितले. ते तिनं केले होते. थोडं लाल, उणे पिवळं.

“तू असतेस की तिथं,” वहिनी म्हणाली. “लक्ष असतं ना तुझं त्याच्याकडे?”

“असतं.”

“मग झालं तर.”

खरं तर धाकटीनं तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोलली. आणि ती का नाही बोलली याचं शप्पथ हे खरं कारण नव्हतं. खरं कारण असं होतं की त्या फोनवरच्या चित्रानं तिचाही जीव भांड्यात पडला होता.

ही चूक तिच्या धंद्यातलीच माणसं करू शकतात. तिच्या खोलीला काच नव्हती. खाली दादा, वर ती, मध्ये एक जिना आणि एक जाड दार. दिवसभर समोर पडदेच पडदे. त्यातल्या मोठ्या पडद्यावर जे दिसतं ते जगात गेलं, आणि जगात गेलं ते खरं, अशी तिथल्या लोकांची नजर बसलेली असते. ती रोज हातानं दादाला बरा करायची आणि मग मान वर करून मोठ्या पडद्यावर बघायची, तर दादा बरा दिसायचा. तिला हायसं वाटायचं. आज कालच्यापेक्षा बरा आहे, असं ती मनाशी म्हणायची, आणि त्याच वेळी तिचा हात लाल आणखी थोडं वाढवत असायचा. स्वतःच शिजवायचं, स्वतःच वाढायचं आणि आज कुणी केलंय, फार छान झालंय, असं म्हणत जेवायचं, तशातली गत.

एका संध्याकाळी बुलेटिनच्या आधी फ्लोअरकडे, म्हणजे खालच्या स्टुडिओकडे, जाणारा आवाज बंद पडला. वरून बोललेलं खाली ऐकू जाईना. मॅडम म्हणाल्या, “कुणीतरी पळा आणि सांगा, आज हवामान आधी घेणार आहोत.” धाकटी उठली. जिना उतरली, जाड दार ढकललं आणि कितीतरी महिन्यांनी तिनं दादाला चष्म्याशिवाय, पांढऱ्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

तो हिरव्या भिंतीला पाठ लावून घासत होता. गुरं खांबाला अंग घासतात तसं, डोळे अर्धे मिटून, पार मन लावून. कोटावर भिंतीचा रंग लागला होता. कोट समोरून झकास बसला होता, कारण पाठीमागं तो चिमट्यांनी ओढून आवळलेला होता, मानेपासून कमरेपर्यंत चिमटेच चिमटे. कॅमेरा पाठ बघत नाही. हाताच्या पंज्यांना लेप नव्हता, त्यामुळं पंजे भिंतीवर टेकले की भिंत कुठं संपते आणि हात कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं.

“काय गं?” तो दचकून सरळ झाला. “तू खाली कशी?”

“आज हवामान आधी आहे.”

“बरं.”

“दादा, उद्या दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर.”

“जाऊ की. एवढा पट्टा…”

“आज पट्टा नाहीये दादा. आकाश मोकळं आहे. मी नकाशा बघून आलेय.”

त्यानं टायची गाठ चाचपली. मग म्हणाला, “येईल. आठवड्याच्या शेवटी येतोय एक.”

ती वर आली. खुर्चीत बसली. मोठ्या पडद्यावर दादा टाय नीट करत होता. गुलाबी, तरतरीत. खालच्या माणसाचा कुणीतरी सुखवस्तू चुलतभाऊ असावा तसा.

“तयार?” मॅडमनी विचारलं.

“तयार,” धाकटी म्हणाली, आणि लाल काढलं. पिवळं होतं तसं परत घातलं. मग, बुलेटिनची धून संपता संपता, तिनं क्रोमाचं बटणच बंद केलं. नकाशा गेला. साधा, उघडा कॅमेरा जगात गेला.

वहिनीला तिनं काही सांगितलं नाही. शप्पथ शाबूत होती.

घरोघरी लोकांना एक हिरवी भिंत दिसली आणि भिंतीपुढं जवळजवळ त्याच रंगाचा एक माणूस. लेप डोळ्यांपाशी फाटल्यासारखा झाला होता. तो माणूस रिकाम्या भिंतीवर हात फिरवत अगदी गोड आवाजात सांगत होता, “किनाऱ्यालगत वारे मंद राहतील. या भागात, आणि इकडे या भागात, आकाश निरभ्र…”

हवामानवाल्याला आपण कुठं बोट दाखवतोय ते कळावं म्हणून बाजूला एक छोटा पडदा ठेवलेला असतो. त्यावर, जे घरोघरी दिसतं तेच दिसतं. दादा सवयीनं तिकडं वळला आणि “निरभ्र” वर थांबला.

त्यानं मान पुढं केली. पडद्यातल्या माणसानंही केली. त्यानं हात वर केला. त्या माणसानं हिरवा पंजा वर केला.

“हे…” दादा म्हणाला. “हे कोण आहे?”

तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं. महिनोन्‌महिने दादानंही रोज तोच गुलाबी माणूस बघितला होता. घरी त्यानं पिवळे दिवे लावले होते, आणि इथं त्याची बहीण होती. त्याला तरी कुठून दिसणार होतं?

“नकाशा!” मॅडम ओरडल्या. “नकाशा कुठाय?”

“नाहीये मॅडम.”

“अगं, भिंत दिसतेय! माणूस दिसतोय!”

“हो मॅडम.”

मॅडमनी स्वतः स्विचरवर झेप घेतली. अडचण अशी की तिथं बटणं पुष्कळ असतात आणि कुठलं कशाचं हे मॅडमनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सापडेल ते दाबलं. चित्राला बदामाचा आकार आला. लग्नाच्या एका कार्यक्रमासाठी कुणीतरी ते करून ठेवलेलं होतं. कडेनं चांदण्या फिरायच्या. त्या बदामात, चांदण्यांच्या मधोमध, दादा आपला हात आपल्याच गालाला लावून बघत होता. लेप बोटांना लागून आला. खालचा गाल दिसला. मग जाहिराती सुरू झाल्या.

वहिनी आली ती शिकवणीच्या गाडीतून, आणि गाडी चालवत होते एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचा तो तिसरा की चौथा धडा होता. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून दोघांनी बुलेटिन बघितलं होतं, आणि त्यानंतर वहिनीनं स्टिअरिंगला हात लावायचं धाडस केलं नव्हतं. दादाला मागं बसवलं. वर पाटी, ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’. जीवघेण्या दुखण्याचा माणूस दवाखान्याकडे निघाला तो असा, बैलगाडीच्या वेगानं, मागचे सगळे हॉर्न वाजवतायत, आणि ते गृहस्थ प्रत्येक वळणाला विचारतायत, “बाई, आता दुसरा गियर घेऊ का?”

पण निघायच्या आधी वहिनीनं काच खाली केली होती.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“गळ्यात ढग आला तेव्हापासून,” धाकटी म्हणाली.

वहिनीला अर्थातच काही कळलं नाही. तिनं हातातला फोन पुढं केला. “आणि माझ्या फोनवर तो गुलाबी दिसायचा.”

“हो.”

“ते तू करायचीस.”

“हो.”

वहिनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं काच वर केली आणि गृहस्थांना म्हणाली, “क्लच सोडा. हळूहळू.”

ऑपरेशनला अर्धा दिवस लागेल असं सर्जननी सांगून ठेवलं होतं. वहिनीनं थर्मास आणला होता, धाकटीनं बिस्किटं, मेकअपवाले काका पेपर घेऊन आले होते. तिघं तीन बाकांवर बसली. पेपराचं पहिलं पान उलटायच्या आत सर्जन बाहेर आले. लवकर झालेल्या कामाचा माणसाला इतका राग येऊ शकतो हे त्या दिवशी तिघांना कळलं.

गाठ पसरली होती. काढण्यासारखी राहिली नव्हती. उघडलं आणि शिवलं. “मात्र पित्ताला वाट करून दिलीय,” सर्जन म्हणाले. “आत एक बारीक नळी ठेवलीय. कावीळ उतरेल. खाज थांबेल, भूक लागेल.”

“आणि?” वहिनीनं विचारलं.

“आणि जे दिवस आहेत ते बरे जातील.”

“आधी आलो असतो तर?”

सर्जननी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. वहिनी उठली आणि धाकटीच्या बाकापासून लांबच्या बाकावर जाऊन बसली.

चॅनलनं धाकटीला घरी बसवलं होतं. पण तो हिरवा माणूस लोकांनी डोक्यावर घेतला. बदामातला दादा जो तो ज्याला त्याला पाठवत होता. काहींना वाटलं निसर्गाचा ऱ्हास दाखवण्याचा हा काही नवा प्रकार आहे. एका कॉलेजनं त्यावर चर्चासत्र ठेवलं. हवामान बघणाऱ्यांची संख्या वाढली. संगणकातली बाहुली उभी केली तर लोक फोन करून विचारत, खरा माणूस कुठाय? मॅडमनी धाकटीला बोलावलं आणि म्हणाल्या, झालं ते तांत्रिक बिघाडात धरू या. दादालाही निरोप गेला, बरं वाटत असेल तर या.

आणि दादाला बरं वाटत होतं. हीच तर गंमत. कावीळ उतरली. डोळे पांढरे झाले. तो दोन वेळा जेवायला लागला, गालांवर थोडं मांस आलं, कोटाला पाठीमागं चिमटे कमी लागू लागले. रस्त्यात लोक त्याला थांबवून म्हणत, दादा, आता कसे छान दिसता, मध्ये काय झालं होतं? तो म्हणायचा, मध्ये हिरवळ होती. डॉक्टरांनी किती दिवस सांगितले होते ते आता त्याला माहीत होतं. या वेळी त्यानं निकाल बघायला कुणाला पाठवलं नव्हतं, स्वतः विचारून घेतलं होतं.

“मग कशाला जातोस त्या भिंतीपुढं?” धाकटीनं विचारलं.

“घरी बसून काय करू? तुझी वहिनी दर पाच मिनिटांनी येऊन माझ्याकडं बघते. तिथं निदान ठरल्या वेळी बघतात.”

तो परत आला त्या संध्याकाळी वहिनी बरोबर आली. धाकटीशी ती अजून कामापुरतंच बोलत होती. वर येऊन बसा, चहा मागवते, असं मॅडम म्हणाल्या, तर वहिनीनं नको म्हणून मान हलवली. तिनं एक लोखंडी खुर्ची उचलली, खाली फ्लोअरवर कॅमेऱ्याशेजारी ठेवली आणि छोट्या पडद्याकडे पाठ करून बसली.

धाकटीनं नॉबला हात लावला. तो कधी काळी जिथं असायचा तिथंच ठेवला होता. क्रोमा सुरू केला. भिंत गेली, नकाशा आला, दादा राहिला. कडा स्वच्छ. गळा, कान, डोळे, सगळं जागच्या जागी. लाल घालायचं नव्हतं, पिवळं काढायचं नव्हतं. इतका सुरेख क्रोमा तिनं तिच्या सगळ्या नोकरीत बघितला नव्हता, आणि त्यात तिचं काही नव्हतं.

“नमस्कार,” दादा म्हणाला. आज त्याला पुढच्या सबंध हंगामाचा अंदाज सांगायचा होता. थंडी या वर्षी उशिरा येईल, पण आली की बराच काळ टिकेल, असं तो सांगत होता. वर्ष उलटल्यावरही सकाळी धुकं राहील. त्यानंतर उन्हाळा. हात फिरवत फिरवत तो शांतपणे ते महिने दाखवत गेला, एकेक, रंगीत पट्ट्यांचे, आणि एकाही महिन्यावर अडखळला नाही.

रिकाम्या असलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं तोंड योगायोगानं वहिनीकडं होतं. धाकटीच्या समोरच्या एका लहान पडद्यावर ती दिसत होती. वहिनी नकाशा बघत नव्हती, तिच्यापुढं नकाशा नव्हताच. ती हिरव्या भिंतीपुढं उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडं बघत होती आणि तो भिंतीवर कुठं कुठं बोट ठेवतोय ते पाहत होती.

“पुढची बातमी घ्यायची?” मॅडमनी विचारलं.

“चालू द्या,” धाकटी म्हणाली. “अजून त्याचा उन्हाळा संपायचाय.”